हसू कोणाच्या दारी?

बेलपाडा हे एके काळी खाडीकाठच्या परिसरातले लहानसे गाव होते. आज त्याच्या चहूबाजूंनी खारघरच्या सेक्टरांतील उंच इमारती उभ्या आहेत आणि मेट्रोच्या एका स्थानकालाही त्याचे नाव मिळाले आहे. या वस्तीतील जैन कुटुंबांत ‘अण्णा’ या नावाने परिचित असलेले एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. घराणे मूळचे शिरोळ तालुक्यातले. नोकरीची वर्षे मुंबईत गेली आणि पुढे बिऱ्हाड इकडे आले. सकाळी जिनदर्शन, दुपारी स्वाध्याय आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर आठवड्यातून एक-दोन वेळा एखादा निवडक चित्रपट, असा त्यांचा क्रम आहे. चित्रपट संपला की ते दिवा मालवून एक सामायिक करतात. अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर मनात जे उरते तेवढेच त्या चित्रपटाचे खरे मोल, असे त्यांचे म्हणणे. बाकीचे सारे पडद्याबरोबर विझते.

त्यांच्या आवडीचे दोनच प्रकार. एक, गंभीर कौटुंबिक वा सामाजिक नाट्य. आणि दुसरा, ज्याला आजची पिढी ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणते तो, म्हणजे मृत्यू, गुन्हा, दारिद्र्य अशा विषयांवर हसवणारा काळा विनोद. पहिल्या आवडीविषयी घरात कधी कोणी प्रश्न केला नाही. दुसरीविषयी मात्र गेल्या चातुर्मासात त्यांच्या महाविद्यालयीन नातीनेच त्यांना अडवले.

“आजोबा, रडवणारे सिनेमे तुम्ही पाहता ते समजते. पण माणसे मरतात आणि बघणारे हसतात, असले सिनेमे तुम्हाला कसे चालतात? पाठशाळेत तर आम्हाला तुम्हीच सांगत होता, थट्टेतूनही कर्म बांधले जाते म्हणून.”

प्रश्न सोपा नव्हता आणि अण्णांनी तो हसण्यावारी नेला नाही.

शास्त्राची अडचण

नातीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. कर्मसिद्धांतात चारित्रमोहनीय कर्माच्या भेदांत नऊ नोकषाय सांगितले आहेत आणि त्यांतील पहिलेच नाव हास्याचे आहे. श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रताचे जे अतिचार आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मांडले, त्यांत कंदर्प म्हणजे हीन थट्टा, कौत्कुच्य म्हणजे अंगविक्षेपांसह केलेली चेष्टा आणि मौखर्य म्हणजे अघळपघळ बडबड यांचा समावेश आहे. निरर्थक पापाची यादी करताना आचार्यांना विनोदाची आठवण प्रथम झाली, ही गोष्ट विनोदप्रेमी माणसाने विसरून चालत नाही.

मात्र अण्णांनी नातीला त्याच यादीकडे पुन्हा पाहायला सांगितले. नऊ नोकषायांत हास्य आहे, तसाच शोकही आहे. म्हणजे रडणारा प्रेक्षक आपोआप पुण्यवान आणि हसणारा आपोआप पापी, अशी वाटणी शास्त्राने केलेली नाही. पडद्यावरील दुःख पाहून दोन अश्रू ढाळायचे, रुमाल घडी करून खिशात ठेवायचा आणि बाहेर येताच दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भिक्षेकऱ्याकडे पाठ फिरवायची, हाही मोहनीयाचाच खेळ. तेव्हा प्रश्न हसण्याचा की रडण्याचा, हा नाही. त्या हसण्या-रडण्याने माणूस जागा झाला की आणखी गाढ झोपला, हा आहे.

रडवणाऱ्या कथांविषयी

गंभीर नाट्याविषयी अण्णांचे मत सांगायचे तर बेलपाड्यापासून फार दूर जावे लागत नाही. गोनीदांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली ती याच पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाजावर. डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी आजही रसिकांच्या स्मरणात आहेत. बहुतेकांना आठवतात ती त्यातील गाणी. अण्णांना मात्र आठवते ते मधमाश्यांचे मोहोळ. माशीच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या डोंगरकड्यावरच्या राणीमाशीशी वैर मांडतो, अनेक प्रयत्नांनंतर मोहोळ उतरवतो आणि त्याच क्षणी चिंधीला गमावून बसतो. ‘जैत’ म्हणजे विजय. तो मिळाला, पण जिच्यासोबत तो साजरा करायचा तीच राहिली नाही. मधुत्याग हा श्रावकाच्या अष्ट मूलगुणांपैकी एक. लहानपणी पाठशाळेत तो नियम म्हणून शिकलेल्या माणसाला या चित्रपटात त्याच्यामागचे कारण दिसते. चित्रपट करणाऱ्यांच्या मनात जैन आचार होता असे मुळीच नाही. वैराला शेवटी वैऱ्याच्या घराबरोबर स्वतःचे घरही द्यावे लागते, एवढे सत्य त्यांनी प्रामाणिकपणे दाखवले.

दुसरे उदाहरण ते देतात व्ही. शांताराम यांचे. कोल्हापूर परिसरात जन्मलेल्या या दिग्दर्शकाचे वडील जैन होते, हे समाजातील जुन्या मंडळींना ठाऊक असते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ मध्ये प्रभातने ‘कुंकू’ काढला. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला मान्यता देत नाही. आदळआपट न करता ठामपणे नकार देते. शांता आपटे यांनी साकारलेली ही नीरा अण्णांच्या लेखी मराठी पडद्यावरील पहिली सत्याग्रही. पण त्यांचा अधिक जीव आहे तो केशवराव दाते यांच्या काकासाहेबांवर. आपले चुकले हे ज्या माणसाला उतारवयात, हळूहळू आणि कोणी न ओरडता कळते, असा तो माणूस. त्याचा शेवट आत्मघातात होतो, तो मात्र अण्णांना पटत नाही. पश्चात्तापाची वाट प्रतिक्रमणाकडे जायला हवी, मरणाकडे नव्हे, असे ते म्हणतात.

तिसरा चित्रपट ‘अस्तु’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे प्रकांड पंडित रस्त्यात दिसलेल्या एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात, आणि त्या हत्तीवर पोट असलेली एक निरक्षर बाई त्यांना लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशे यांचे पंडित आणि अमृता सुभाष यांची ती बाई. ज्ञान गेले, नाव गेले, कन्या ओळखू येईना. तरी मागे काहीतरी उरलेच. देह आणि आत्मा यांचे भेदविज्ञान ग्रंथात वाचलेल्या वाचकाला हे उरलेले काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

अशा चित्रपटांचे सामर्थ्य अण्णा मानतात. तरी एक धोकाही सांगतात. गंभीर नाट्य प्रेक्षकाला फार लवकर चांगुलपणा बहाल करते. आपल्याला रडू आले म्हणजे आपण दयाळू, असे वाटू लागते. काळा विनोद ही सवलत देत नाही.

हसवणाऱ्या कथांविषयी

काळ्या विनोदाचा मराठीतील मेरुमणी चित्रपटात नाही, रंगभूमीवर आहे, असे अण्णांचे ठाम मत. सतीश आळेकर यांचे १९७४ चे ‘महानिर्वाण’. चाळीतले भाऊराव वारतात आणि मेल्यावर आपल्याच मरणाचे कीर्तन लावतात. हट्ट असा की दहन जुन्याच स्मशानात व्हायला हवे, आणि ते स्मशान तर बंद झालेले. अण्णांनी हे नाटक तरुणपणी पाहिले तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील एका श्रावकमित्राने गंभीरपणे आक्षेप घेतला होता. जीव देह सोडल्यावर चार समयांच्या आत नव्या जन्मस्थानी पोहोचतो. भाऊरावांना एवढा वेळ थांबून कीर्तन करण्याची परवानगी कोणी दिली? हा आक्षेप अण्णा आजही मोठ्या आनंदाने सांगतात. मात्र त्यावर पुस्तीही जोडतात. नाटककार हसतो ते मृत्यूला नव्हे. मृत्यूसमोर उभे राहूनही ज्यांचे लक्ष विधीच्या तपशिलात, शेजाऱ्यांच्या तोंडात आणि स्वतःच्या हट्टात अडकलेले असते, त्या जिवंतांना तो हसतो.

परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ जानेवारी २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पत्नीची हत्या करायची आणि ती आत्महत्या भासवायची, असा बेत पती आणि त्याची प्रेयसी आखतात. बेत नीटनेटका आहे; फसतो तो क्षुल्लक गोष्टींमुळे. पुढचे सांगणे न पाहिलेल्या वाचकावर अन्याय होईल. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात संरंभ, समारंभ आणि आरंभ असे पापाचे तीन टप्पे सांगितले आहेत: संकल्प, साधनांची जुळवाजुळव आणि प्रत्यक्ष कृती. मन, वचन, काया; कृत, कारित, अनुमोदित; आणि चार कषाय यांच्याशी त्यांचा गुणाकार केला की एकशे आठ भेद होतात. जपमाळेच्या १०८ मण्यांचा संबंध याच गणिताशी जोडला जातो. ‘वाळवी’तली माणसे संरंभापासून आरंभापर्यंतची पायरी न् पायरी चढतात आणि प्रेक्षक हसत हसत त्यांच्या मागे चालतो. एका क्षणी ध्यानात येते की पुरावा दिसू नये, बेत उघडा पडू नये, असे आपल्यालाही वाटू लागले आहे. अण्णा म्हणतात, “अनुमोदना म्हणजे काय, हे मला या वयात ‘वाळवी’ने शिकवले. आपण काहीच केले नाही, असे म्हणत खुर्चीत बसून आपण ते केलेले असते.” लाकूड बाहेरून शाबूत दिसते, आतून पोखरलेले असते. शीर्षक केवळ पडद्यावरील संसारापुरते राहत नाही.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’, २००९ चा. विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याची कथा. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर किसनाच्या बायकोला धास्ती वाटते की आपला नवराही तेच करील. म्हणून ती लहान मुलाला आणि सासूला त्याच्यामागे पाळतीवर लावते. किसना जाईल तिथे मुलगा. मुलगा दमला की म्हातारी. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी ही पाठशिवणी अशी रंगवली आहे की हसू आवरत नाही. आणि हसता हसता लक्षात येते की या घराला पाऊस, भाव आणि कर्ज यांपैकी कशावरही पाळत ठेवता येत नाही. ठेवता येते ती फक्त घरधन्यावर. इथे प्रेक्षक त्या बाईला हसत नाही, तिच्याबरोबर हसतो. हा भेद अण्णांना फार महत्त्वाचा वाटतो.

या भेदाचा सर्वांत कडक पाठ मात्र चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने दिला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवून तो १७ एप्रिल २०१५ रोजी प्रदर्शित झाला. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा की त्याचे एक गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. खटला चालतो तो तारखांवर. बिनबाह्यांचे वस्त्र घातले म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते. निर्जीव आवाजात जुनाट कायद्यांची पाने वाचली जातात. मग त्या कामगाराची विधवा साक्षीला येते. ना मुखवटा, ना हातमोजे. गटारात उतरण्यापूर्वी आत झुरळे हालताना दिसतात का ते नवरा पाहत असे, असे ती सांगते. झुरळ जगत असेल तर माणूसही जगेल, हे त्याचे वायुमापन. जिथे सूक्ष्म जीवाचीही यतना शिकवली जाते अशा घरातल्या माणसाने हे वाक्य ऐकून काय करायचे? त्या माणसाच्या यतनेची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यापैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात नाही.

याच चित्रपटात सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह एका मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय तरुणाची टर उडवली जाते आणि सभागृह हास्याने दणाणते. म्हणजे एका विनोदी चित्रपटाच्या पोटात दुसरा विनोद. तिथे हसणारा प्रेक्षक सभ्य आहे, मुलाबाळांचा आहे, अगदी आपल्यासारखाच आहे. दुसऱ्याला तुच्छ करून येणारे हसू आणि तशा हसण्याकडे पाहताना आपल्याला आलेले अवघडलेपण, दोन्ही एकाच दृश्यात मिळतात. नातीला द्यायचे उत्तर या दृश्यातच होते. पण अण्णांना ते पूर्णपणे कळायला त्याच वर्षीचा ऑगस्ट उजाडावा लागला.

ऑगस्ट २०१५

एप्रिलमध्ये ‘कोर्ट’ पाहून आलेले अण्णा आठवडाभर घरात त्यातील प्रसंगांची नक्कल करीत होते. गाण्यामुळे आत्महत्या, आणि शाहिरावर प्रवृत्त केल्याचा गुन्हा! त्यांच्या मातोश्री तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याच जवळ राहत होत्या. तरुणपणी त्यांनी कुंथलगिरीला जाऊन आचार्य शांतिसागर महाराजांचे अखेरचे दर्शन घेतले होते. १९५५ मधील महाराजांची सल्लेखना हा त्यांच्या आयुष्यभराच्या आठवणींचा गाभा होता. २०१५ च्या जुलैपासून, देह आता साथ देत नाही हे ओळखून, गुरूंच्या अनुमतीने आणि घरच्यांशी बोलून त्यांनी एकेक पदार्थ सोडायला आरंभ केला होता. घाई नव्हती, उद्वेग नव्हता. आधी धान्य गेले, मग दूध, मग ताक.

१० ऑगस्ट रोजी राजस्थान उच्च न्यायालयाचा निर्णय आला. संथारा म्हणजे आत्महत्या; व्रत घेणाऱ्यावर भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आणि साहाय्य करणाऱ्यावर कलम ३०६, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. निर्णय राजस्थानातला होता, बेलपाड्यातला नव्हता. तरीही त्या रात्री अण्णांच्या घराचे पुढचे दार नेहमीपेक्षा लवकर लागले. नमोकाराचा घोष हलक्या आवाजात होऊ लागला. शेजारी भेटायला आले की सून सांगे, “आजींना बरे नाही.” नारायण कांबळेवरचे तेच कलम आता स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसले होते. कांबळेचा खटला पाहून चार महिन्यांपूर्वी हसलेल्या माणसाला आता हसू येत नव्हते.

अशा वेळी गावाकडून एक नातेवाईक आले. माणूस प्रेमळ, व्यवहारी आणि घाबरलेला. त्यांनी उपाय सुचवला. आजींच्या उशाशी एक पेला दूध आणि बिस्किटांची बशी ठेवावी. कोणी चौकशीला आलेच तर दाखवता येईल की अन्न समोर होते, म्हातारीला जात नव्हते. घरातील कोणी काही बोलेना. सुचवणाऱ्यालाही स्वतःच्या बोलण्याची लाज वाटत होती. पण बशी खरोखरच आणली गेली.

मातोश्री डोळे मिटून होत्या. त्यांनी डोळे उघडून बशीकडे पाहिले, मग लेकाकडे पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, “ठेवा की. पण दिवस मावळायच्या आत उचला. आणि मुंग्या लागतील त्याला, तेवढ्या सांभाळा.”

क्षणभर शांतता. मग सून हसली, अण्णा हसले, तो नातेवाईक डोळे पुसत हसला आणि मातोश्रीही हसल्या. कायद्याला दाखवायच्या खोट्या अन्नालाही रात्रिभोजनाचा नियम लागू होता, आणि जिच्या जिवाची चर्चा चालली होती तिला काळजी मुंग्यांच्या जिवाची होती. दहा दिवसांत त्या घरात कोणी हसले नव्हते. बशी तशीच परत स्वयंपाकघरात गेली, पुढचे दार उघडले गेले आणि त्या संध्याकाळी नमोकार नेहमीच्या आवाजात म्हटला गेला.

३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुढच्या आठवड्यात मातोश्रींनी शांतपणे देह ठेवला.

उत्तर

नातीला अण्णांनी जे उत्तर दिले ते या प्रसंगावरून. त्या दिवशीचे हसू आणि एप्रिलमधले हसू यांत अंतर होते. एप्रिलमध्ये ते दुसऱ्याच्या दारी होते. कांबळे कोणी तरी दुसरा, गटारात उतरणारा कोणी तरी तिसरा, आणि ते न्यायालय म्हणजे एक गंमत. ऑगस्टमध्ये तीच गंमत स्वतःच्या दारी आली तेव्हा कळले की ती पहिल्यापासूनच गंमत नव्हती. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना तलवारीचा उल्लेख केलेला नाही, प्रमादाचा केला आहे. असावधपणे, कषायाच्या आहारी जाऊन केलेला प्राणघात म्हणजे हिंसा. ‘कोर्ट’मध्ये कोणी क्रूर नाही. न्यायाधीश, वकील, पोलीस, सारे आपापले काम करून घरी जाणारे लोक आहेत. शेवटी न्यायालयाचे दिवे मालवले जातात, सुटी लागते आणि न्यायाधीश सहलीला जातात. तिथे डुलकी मोडली म्हणून ते एका लहान मुलाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. प्रमादाचे याहून नेमके चित्र कोणत्याही प्रवचनात सापडणे कठीण, असे अण्णांना वाटते.

म्हणून त्यांची कसोटी एकच. काळा विनोद पाहताना हसू आले तर विचारावे, मी कोणाला हसलो? मेलेल्याला, गरिबाला, वेगळी भाषा बोलणाऱ्याला हसलो असेन, तर ते कंदर्प आणि कौत्कुच्यच. कितीही पुरस्कार मिळालेले असोत. माणसाच्या असावधपणाला हसलो आणि त्या असावध माणसांत मला माझा चेहरा दिसला, तर ते हसू निदान जाग आणणारे आहे. आणि मातोश्रींचे हसू या दोहोंपलीकडचे. त्यात कोणालाही हिणवणे नव्हते. भयाचा अभाव होता. भय हाही एक नोकषायच. त्या दिवशी घरातले ते भय एका वाक्याने उतरले.

आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थीसियस’ अण्णांनी २०१३ मध्ये पाहिला होता तेव्हा तो त्यांना आवडला नव्हता. नीरज काबी यांनी साकारलेले मैत्रेय नावाचे श्वेतवस्त्रधारी साधू प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध न्यायालयात उभे राहतात. स्वतःला यकृताचा विकार झाल्यावर अशा प्रयोगांतून आलेली औषधे नाकारून आहार सोडतात. आणि अखेरीस, वेदनांच्या टोकाला, उपचार स्वीकारतात. पंथाचे नाव चित्रपट घेत नाही, पण जैन प्रेक्षकाला ओळख पटतेच. साधूने शेवटी माघार का घ्यावी, यावरून तेव्हा अण्णांचा मित्रांशी वाद झाला होता. मातोश्रींच्या निधनानंतर वर्षभराने त्यांनी तो पुन्हा पाहिला. या वेळी त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेले. चार्वाक नावाचा तरुण वकील साधूंची सतत थट्टा करतो, त्यांच्या सिद्धांतांतील विसंगती दाखवतो. आणि साधू त्यावर रागावत नाहीत, हसतात. आपल्या श्रद्धेची थट्टा ज्याला ऐकून घेता येते त्याचीच श्रद्धा खरी, असे अण्णा आता म्हणतात. साधूंच्या माघारीविषयीही त्यांचा आग्रह उरलेला नाही. सल्लेखना ही दुसऱ्याने मोजायची परीक्षा नव्हे. ज्याला जमली त्याला वंदन आणि ज्याला नाही जमली त्याच्यासाठी करुणा.

नातीने सारे ऐकून घेतले आणि शेवटचा प्रश्न विचारला. “मग चातुर्मासात पाहायचे की नाही?”

“दशलक्षण पर्वात मुळीच नाही,” अण्णा म्हणाले. “ते दहा दिवस स्वतःचाच चित्रपट पाहायचे. एरवी पाहा. पण पाहून झाले की दिवा मालव आणि अठ्ठेचाळीस मिनिटे बस.”

त्या रविवारी आजोबा आणि नात यांनी मिळून ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहिला. म्हातारी आजी मुलामागे धापा टाकीत चालली आहे, हे पाहून दोघेही पोटभर हसले. चित्रपट संपल्यावर दिवा मालवला गेला. सामायिक पुरे झाल्यावर नातीने पहिली गोष्ट केली ती अशी: विदर्भातल्या आपल्या वसतिगृहातील मैत्रिणीला तिने फोन लावला आणि विचारले, “तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे गं? बाबा बरे आहेत ना?”